तुला न ओळखणारं यंत्र

मनू,

तू रात्री पाठवलेल्या लिंक वाचल्या. एक म्हणते ईव्हीएम चुटकीसरशी हॅक होतं, दुसरी म्हणते ब्रह्मदेव आला तरी होणार नाही, आणि मध्येच तुमच्या पीजीच्या मालकाने लावलेल्या नव्या कॅमेऱ्यांचा फोटो. खाली तुझा प्रश्न: "ताई, तू इलेक्शन ड्यूटी करतेस, खरं काय ते सांग." फोनवर हे बोलणं होत नाही. अप्पा शेजारी बसलेले असतात आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत निकाल देऊन मोकळे होतात. म्हणून लिहिते. निवांत वाच, आणि फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस.

आधी बातम्यांचं. टेक्नॉलॉजीची बातमी आली की मी पहिल्यांदा एवढंच बघते, की बातमीतलं यंत्र आणि आपल्याकडचं यंत्र एकच आहे का. जून २०२४ आठव. इलॉन मस्कने लिहिलं की मतदानाची इलेक्ट्रॉनिक यंत्रं बंदच करायला हवीत. तो बोलत होता पोर्तो रिकोमधल्या गोंधळाबद्दल. तिथली यंत्रं वेगळी, कागदी मतपत्रिका वाचणारी. आणि तिथला घोळ सापडला तोही कागद शिल्लक होता म्हणून. पण आपल्याकडे लगेच दोन फळ्या पडल्या. त्याच शनिवार-रविवारी मुंबईच्या एका वर्तमानपत्रात आलं, की वायव्य मुंबईत विजयी उमेदवाराच्या नातेवाइकाने मोबाईलवर ओटीपी घेऊन ईव्हीएम उघडलं. झालं. आपल्या शाळेच्या स्टाफरूममध्ये डबे उघडे राहिले आणि भांडण सुरू झालं.

ईव्हीएमला ओटीपी लागत नाही, मनू. त्याला सिमकार्ड नाही, इंटरनेट नाही, ब्लूटूथ नाही. ओटीपी लागतो तो मतमोजणीचे आकडे निवडणूक आयोगाच्या संगणकप्रणालीत भरणाऱ्या कर्मचाऱ्याला. निवडणूक अधिकाऱ्यांनी तसा खुलासा केला, पेपरनेही चूक कबूल केली. तोवर अर्ध्या महाराष्ट्राने ती बातमी पुढे ढकलली होती, आणि खुलासा पुढे ढकलायला कोणाला वेळ नव्हता. बरं, मोजणीच्या ठिकाणी मोबाईल वापरल्याबद्दल गुन्हा दाखल झाला होता, ते खोटं नव्हतं. पण ती भानगड माणसांची होती, आणि माणसांच्या भानगडीला बातमीत चव नसते.

वायव्य मुंबईच्या त्या निकालातली खरी गंमत कोणाच्या लक्षात आली नाही. रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले, हे सगळ्यांना पाठ. पण नुसती यंत्रातली मतं धरली तर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. ४,५१,०९५ आणि ४,५१,०९४. निकाल फिरला तो टपाली मतांवर, म्हणजे कागदावर! "कागद आणा, सगळं स्वच्छ होईल" म्हणणाऱ्यांना मी हे ऐकवते. पण नऊ लाखांवर मतांमध्ये एका मताचा फरक पडतो म्हटल्यावर यंत्राकडे डोळ्यांत तेल घालून बघायला हवं, हेही त्यातूनच निघतं. म्हणून मी दोन्ही बाजूंची नावडती.

आता मी डोळ्यांनी बघते ते सांगते. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य घ्यायचं. कुठलं यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार हे कॉम्प्युटरने सरमिसळ करून ठरलेलं असतं, आणि ते नंबर उमेदवारांकडेही जातात. आपल्याला मिळालेल्या कंट्रोल युनिटचा, बॅलट युनिटचा, चिठ्ठी छापणाऱ्या व्हीव्हीपॅटचा नंबर यादीशी ताडून घ्यायचा. मग एसटी, मग कुठल्यातरी वाडीवरच्या शाळेत मुक्काम. डास, वर्गातल्या बाकांवर अंथरूण, आणि केंद्राध्यक्षांचं घोरणं. सातला मतदान सुरू होणार असेल तर साडेपाचला मॉक पोल. सरकारी कागदावर त्याला अभिरूप मतदान म्हणतात, पण केंद्रावर तो शब्द कोणाच्या तोंडी नसतो.

हा मॉक पोल म्हणजे सगळ्या प्रकरणातली कळीची जागा. उमेदवारांच्या पोलिंग एजंटांसमोर निदान पन्नास मतं टाकायची, नोटासकट प्रत्येक बटणाला. मग क्लोज दाबायचं, रिझल्ट वाचायचा, व्हीव्हीपॅटमध्ये पडलेल्या चिठ्ठ्या मोजून आकड्याशी जुळवायच्या, आणि क्लिअर करून यंत्र शून्यावर आणायचं. त्या चिठ्ठ्यांवर मागून शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद. मग सील, आणि सीलवर एजंटांच्या सह्या. एजंट आले नसतील तर पंधरा मिनिटं वाट बघायची आणि सुरू करायचं. अगं, टीव्हीवर ज्या पक्षांचे प्रवक्ते ईव्हीएमवर गळा काढतात किंवा ईव्हीएमची आरती ओवाळतात, त्यांचे एजंट पहाटे साडेपाचला कुठे असतात? जागेवर एखादाच असतो, तोही चहा कुठे मिळेल विचारत. संध्याकाळी क्लोज दाबलं की एकूण किती मतं पडली ते १७-सी नमुन्यात लिहून त्याची प्रत एजंटांना द्यायची. मोजणीच्या दिवशी यंत्रातला आकडा त्याच कागदाशी जुळवतात. सगळ्या पडताळणीचा कणा तो कागद. आणि तो न घेताच गेलेल्या माणसाला मी व्हरांड्यातून हाका मारलेल्या आहेत.

तर माझं मत विचारशील तर, दूर बसून कोणी लॅपटॉपवरून आपलं मत फिरवतो या गोष्टीवर मी विश्वास ठेवत नाही. पण "यंत्र बंद पेटीत आहे, विषय संपला" हेही मला पटत नाही. २०१० मध्ये हरी प्रसाद नावाच्या आपल्याकडच्या एका तज्ज्ञाने आणि दोन परदेशी तज्ज्ञांनी आपलंच एक यंत्र उघडून दाखवलं, की ते हातात पडलं तर आतला आकडे दाखवणारा भाग बदलून निकाल फिरवता येतो. ते यंत्र मुंबईतून, सरकारी गोदामातून गेलं होतं. हरी प्रसादना अटक झाली ती त्या चोरीच्या गुन्ह्यात. तेव्हा व्हीव्हीपॅट नव्हतं, यंत्रही जुन्या पिढीचं होतं. पण मुद्दा बघ. यंत्र हातात पडता कामा नये, सगळी मदार त्यावर. म्हणजे पुन्हा गोदाम, कुलूप, सील, पहारा. माणसं.

शिवाय व्हीव्हीपॅट आल्यापासून त्यात उमेदवारांची नावं आणि चिन्हं मतदानाच्या आधी काही दिवस बाहेरून भरावी लागतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली, पण त्याच निकालात सांगितलं की ही चिन्हं भरणारी उपकरणं निकालानंतर ४५ दिवस सीलबंद ठेवा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने मागितलं तर पाच टक्के यंत्रांची आतली मेमरी तपासू द्या, खर्च त्याच्याकडून घेऊन. लोक फक्त पहिलं अर्धं सांगतात. जो जिंकला तो म्हणतो कोर्टाने ईव्हीएमला पास केलं, जो हरला तो म्हणतो कोर्टाने ऐकलं नाही. विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघात पाच व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजतात. आपल्या २८८ जागांचे मिळून १४४०. २०२४ ला ते सगळे जुळले असं आयोगाने सांगितलं. मला विचारशील तर पाच कमी आहेत. शंभर टक्के मोजायला दिवस लागतील म्हणतात; लागू देत की एखादा. आपण प्रचारात महिना घालवतो.

जर्मनीतली एक गोष्ट मला फार आवडते. २००५ ची निवडणूक तिथे काही ठिकाणी यंत्रांवर झाली. एका बाप-लेकाने कोर्टात दाद मागितली, आणि मार्च २००९ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने ती यंत्रं रद्द ठरवली. घोटाळा सापडला म्हणून नाही. कोर्टाचं म्हणणं एवढंच, की मत मोजलं कसं गेलं हे साध्या नागरिकाला कुठलंही खास ज्ञान नसताना तपासता आलं पाहिजे. जर्मनीच्या त्या यंत्रांना चिठ्ठी नव्हती, आपल्याला आहे. काचेमागे सात सेकंद दिसते. दिसते ना, मग ती बघ! निम्मे लोक बटण दाबून बीप ऐकू यायच्या आत शाई लागलेलं बोट वर करून बाहेर पडतात. आणि हे कायम लक्षात ठेव, महापालिका आणि जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे ती चिठ्ठीही नसते. यावर ओरडा कमी, कारण तिथे मस्क काही बोलत नाही.

ईव्हीएमची जी बाजू मला खरोखर बोचते ती हॅकिंगची नाहीच. ती आहे केंद्रनिहाय आकड्यांची. कागदी मतपत्रिकांच्या काळात बऱ्याच केंद्रांच्या पेट्यांमधल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजता यायच्या. आता प्रत्येक यंत्राचा निकाल स्वतंत्र लागतो आणि कागदावर येतो. म्हणजे कुठल्या वस्तीने, कुठल्या आळीने कोणाला किती दिलं हे निकालाच्या संध्याकाळी गावच्या पुढाऱ्याला कळतं. मग पाण्याची लाईन कुठवर येते, रस्ता कुठे थांबतो, हे सांगायला नको. चौदा-चौदा यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं टोटलायझर निवडणूक आयोगाने २००८ लाच सुचवलं होतं. विधी आयोगाने २०१५ मध्ये शिफारस केली. सरकारने मानलं नाही. या विषयावर तुला एकही रील सापडणार नाही.

आणि गंमत म्हणजे, केंद्रनिहाय आकडे दिसतात म्हणूनच मारकडवाडीसारखं घडतं. सोलापूर जिल्ह्यातलं माळशिरस तालुक्यातलं गाव. विधानसभेला गावातला आकडा गावकऱ्यांच्या अंदाजाशी जुळेना, म्हणून त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये आपणच मतपत्रिका छापून चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, ते झालं नाही, गुन्हे दाखल झाले. त्यांचा उमेदवार तर तालुक्यात निवडून आला होता! अशा चाचणीला कायद्यात जागा नाही, हे मला नोकरीमुळे चांगलं माहीत आहे. आणि समजा मतदान झालं असतं, तरी लोकांनी दोन आठवड्यांपूर्वी दिलेलंच मत उघड्या गावात पुन्हा दिलं असतं असं कसं धरायचं? पण ज्यांना शंका आहे त्यांना समजावायला फौजफाटा पाठवला की शंका वाढते, कमी होत नाही. चौथीतल्या पोराने गणित पुन्हा तपासून द्या म्हटलं तर मी त्याला वर्गाबाहेर काढत नाही.

इथून मी तुझ्या कॅमेऱ्यांकडे येते, कारण मध्ये एक पूल आहे. मतदान केंद्रावर आता कॅमेरा असतो, थेट प्रक्षेपण होतं. तो अशा ठिकाणी लावायचा की दारातली रांग आणि टेबलावर बसलेले आम्ही दिसलो पाहिजे, पण मतदान कक्षाच्या आत काय चाललंय ते दिसता कामा नये. मग हे चित्रण कोणी मागितलं तर? पूर्वी नियम मोघम होता. एका वकिलाने हरियाणातल्या निवडणुकीची कागदपत्रं मागितली, पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने द्या म्हटलं, आणि २० डिसेंबर २०२४ ला केंद्र सरकारने नियमच बदलला. इलेक्ट्रॉनिक नोंदी लोकांसाठी खुल्या नाहीत. पुढे मे २०२५ मध्ये आयोगाने कळवलं की निवडणूक याचिका नसेल तर ४५ दिवसांनी चित्रण नष्ट करा. चित्रण खुलं न करण्याचं कारण दिलं मतदारांच्या खासगीपणाचं. कारण अगदीच खोटं नाही. कोणत्या वस्तीतली कुठली बाई मत द्यायला आली आणि कुठली आली नाही, हे गावातल्या गुंडाला बघायला मिळालं तर काय होईल ते मी जाणते. पण बायकांचा खासगीपणा एवढा प्रिय असेल तर तो चौकातल्या, हॉस्टेलच्या, एसटी स्टँडच्या कॅमेऱ्यापुढे कुठे जातो?

मनू, ईव्हीएम तुला ओळखत नाही. तुझं नाव वेगळ्या वहीत, मत वेगळ्या पेटीत, आणि दोन्ही जुळवायची सोय मुद्दाम ठेवलेली नाही. त्या यंत्रावर आपण रात्र रात्र वाद घालतो. आणि जी यंत्रं तुला चेहऱ्याने, नंबरप्लेटने, फोनने ओळखतात त्यांना आपण "सेफ्टी" म्हणून घरात घेतो. जानेवारी २०२१ मध्ये लखनौ पोलिसांनी जाहीर केलं होतं, की रस्त्यावरच्या बाईच्या चेहऱ्यावर त्रासाचे भाव दिसले की कॅमेरा आपोआप पोलिसांना कळवेल. मी हसले आणि मग घाबरले. आपल्या मावशीचा चेहरा भाजी आणतानाही तसाच असतो. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलं की चेहरा ८० टक्के जुळला तर ते जुळला असं धरतात. उरलेल्या वीस टक्क्यांत उद्या तुझ्यासारखी दिसणारी कोणीतरी असेल.

राजकोटचं प्रकरण तू वाचलंस का माहीत नाही. फेब्रुवारी २०२५. एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्याचं चित्रण, तपासणीच्या खोलीतल्या बायका, टेलिग्रामवर पैसे घेऊन विकलं जात होतं. त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड होता "ॲडमिन१२३". कंपनीने दिलेला, कोणी बदललाच नाही. पोलिसांनी पकडलेल्यांत लातूरचा एक होता आणि एक आपल्या सांगलीचा. म्हणजे फार लांबची, हुशार, परदेशी टोळी वगैरे काही नाही. आपल्या बसस्टँडवर भेटू शकतील अशी पोरं. ते वाचल्यावर मी आपल्या शाळेतल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड काय आहे ते विचारायला गेले. काय होता ते लिहीत नाही. आता वेगळा आहे.

म्हणून पीजीच्या मालकांकडे तू एकटीने जाऊ नकोस, तुम्ही सगळ्या मिळून जा, आणि मालकीण काकूंना विचारा, काकांना नको. कॅमेरे कुठे कुठे आहेत? रेकॉर्डिंग किती दिवस राहतं? ते कोणाच्या मोबाईलवर दिसतं, त्यांच्या मुलाच्याही का? आवाज रेकॉर्ड होतो का? पासवर्ड बदलला का? फाटकावर आणि जिन्यात असेल तर असू दे, रात्री उशिरा येताना मलाही बरं वाटतं. खोल्यांच्या दारांसमोर, बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये, कपडे वाळत घालायच्या गच्चीत, तिथे नाही म्हणायचं. त्यांनी कुरकुर केली तर भारतीय न्याय संहितेचं ७७ वं कलम सांग. बाईला तिच्या खासगी क्षणी चोरून बघणं आणि टिपणं हा गुन्हा आहे. ७८ व्या कलमात पाठलाग येतो, आणि तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणंही येतं. हे दुसरं कलम एखाद्या मित्राला तुझा फोन "सहज" बघायची सवय असेल तर त्यालाही ऐकव. नाव घेत नाही.

तसंच विमानतळावर चेहरा दाखवून आत जायची सोय ऐच्छिक आहे, "सगळे त्याच रांगेत जातात" म्हणाले तरी. ओळखपत्र दाखवून साध्या रांगेने जाता येतं. सरकारी सूचना आली म्हणजे दगडावरची रेघ, असंही मानू नकोस. २०२५ च्या डिसेंबरात बघितलंस ना, प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप आधीपासून टाकायचा आदेश आला, लोकांनी गलका केला आणि काही दिवसांतच तो मागे घेतला गेला. ॲप चोरीचा फोन शोधायला उपयोगी आहे, मी सांगते लोकांना. स्वतःहून टाका म्हणते.

आता अप्पांचं लोकेशन शेअरिंग. हो, त्यांनीच मला विचारलं तुझ्या फोनवर ते कसं चालू ठेवायचं. मी सांगितलं नाही. ते तुझ्यावर नजर ठेवायला बघत नाहीत, त्यांना झोप लागत नाही एवढंच. पण काळजीच्या नावाखाली सुरू झालेली नजर कधी बंद करायची हे काळजी करणाऱ्याला ठरवता येत नाही. रात्रीच्या बसने येशील तेव्हा तूच तासाभरासाठी पाठव, पोचलीस की बंद. त्यांना सवय होईल. मला लग्नाआधी एवढंही जमलं नव्हतं, आपल्याकडे तेव्हा लँडलाईन होती आणि पाळतीला शेजारच्या काकू पुरायच्या.

आता मुख्य. एवढं ईव्हीएम-ईव्हीएम करतेस, तुझं मतदार यादीत नाव आहे का? नाही. मला माहीत आहे नाही, मी शोधलं. अठरा पूर्ण झाल्यावर जानेवारीची वाट बघावी लागत नाही आता, वर्षात चार तारखा असतात, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरची पहिली. नमुना ६ भर, ऑनलाईन होतो. आधी कुठे नाव असतं आणि बदलायचं असतं तर नमुना ८ लागला असता. केंद्रावर दिवसभर बसून मी जी रडारड बघते ती यंत्राची नसते, नाव नसल्याची असते. माणूस आधार, पॅन, लाईट बिल, सगळं घेऊन येतो आणि यादीत तो नसतो. मला त्याला परत पाठवावं लागतं. काही अडलं तर १९५० या नंबरवर फोन कर.

पत्ता पुण्याचा दे की सांगलीचा, हे तू ठरव. वसतिगृहात, पीजीत राहून शिकणाऱ्यांना तिथल्या पत्त्यावर नाव नोंदवता येतं. फक्त दोन्हीकडे नको, तो गुन्हा होतो. अप्पा म्हणतील गावचाच दे, आपली घरातली मतं फुटायला नकोत. ऐकून घे आणि तुला जिथे खरोखर रांगेत उभं राहायला जमणार आहे तिथला दे. मालकीण काकूंकडून राहण्याचा दाखला घ्यायला जाशील तेव्हाच कॅमेऱ्याचंही विचारून टाक, एका फेरीत दोन्ही कामं होतील. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा लागतो, तो गॉगलवाला पाठवू नकोस.

तुझी,
ताई